मुलगा घरी आला की कॉम्प्युटर शहाणा होतो

प्रश्न : माझा कॉम्प्युटर आठ वर्षांचा आहे. रोज सकाळी चालू केला की तारीख १ जानेवारी २०१७ दाखवतो आणि बँकेची साइट उघडायला गेलं की 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी येते. बँकेला फोन केला, त्यांनी इंटरनेटवाल्याकडे बोट दाखवलं. इंटरनेटवाल्याने राउटर बदलायला लावला. बदलला, पण फरक नाही. गंमत म्हणजे मुलगा पुण्याहून सुट्टीला आला की आठ दिवस सगळं सुरळीत, तो गेला की पुन्हा तेच. आता तो म्हणतो, "आई, तूच काहीतरी करतेस."
— एक निवृत्त शिक्षिका, देवगड

उत्तर : ताई, मुलगा बरोबर बोलतोय. तुम्ही खरंच काहीतरी करता, आणि ते चांगलंच करता. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करता ना? मुलगा करत नसणार. पैज लावतो.

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्याचं नाव सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. तीन व्होल्टचा हा सेल कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवतो. पण भिंतीवरचं बटण चालू असेल, तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते आणि सेलवर भार पडत नाही. मुलाच्या कृपेने ते आठ दिवस असे निघतात. तुम्ही बटण बंद केलंत की सगळी भिस्त सेलवर, आणि तुमचा सेल संपलाय. घड्याळ थांबतं, आणि सकाळी बोर्ड त्याच्यात मुळात भरून ठेवलेल्या तारखेपासून मोजायला लागतो.

आता बँकेचं. प्रत्येक सुरक्षित साइटजवळ एक प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. २०१७ सालात बसलेल्या तुमच्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो म्हणणारच, ही साइट खोटी. राउटरचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा. सेलच्या कडेला एक छोटी क्लिप दिसेल, ती चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच मागे दाबली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. चालू केल्यावर एकदा तारीख-वेळ भरा. आणि बटण बंद करायची सवय मात्र सोडू नका. आपल्याकडे विजा कडाडायला लागल्या की माझ्या दुकानात जळालेले बोर्ड यायला लागतात, त्यात तुमचा नको.

प्रश्न : एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. फसवणूक झाली का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. दोघेही लिहितात मात्र जीबीच. एकावर बारा शून्यांना १०२४ ने तीनदा भागून बघ, ९३१ येतात.

प्रश्न : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. पायात चप्पल असली की येत नाहीत. दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस बदलला, पैसे घेतले, झिणझिण्या तशाच. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला.
— एक दुकानदार, सांगली

उत्तर : मदरबोर्ड ठणठणीत असावा. दुखणं तुमच्या भिंतीत आहे.

एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. विजेतली खरखर पत्र्यावाटे अर्थिंगमध्ये सोडून द्यायची, एवढंच त्यांचं काम. पण अर्थिंगच नसेल तर ती खरखर जाणार कुठे? पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळत राहतो, म्हणजे २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट. करंट अगदी नगण्य, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावलात तर मिणमिणता दिवाही लागेल. नव्या एसएमपीएसमध्येही हेच कपॅसिटर, त्यामुळे तो बदलून काय होणार?

मला हे वाचून नाही, भोगून कळलं. माझं पहिलं दुकान जुन्या घराच्या ओटीवर होतं. तीन पिनांचा सॉकेट, वायरिंग नवंकोरं, आणि तरीही येणारं प्रत्येक गिऱ्हाईक "अहो, करंट मारतोय" म्हणायचं. एका रविवारी स्विचबोर्ड खोलला. अर्थिंगची हिरवी वायर होती, अगदी छान वेटोळं करून मागे कोंबलेली. दुसरं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं! त्या माणसाने वायरीचे पैसे मात्र फुटाने मोजून घेतले होते.

तुम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात खरंच अर्थिंग येतं का, ते मीटरने तपासून घ्या. येत असूनही त्रास असेल, तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल. कोळसा-मिठाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं, हे लोक विसरतात. दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून काम भागवत असाल तर तो आजच फेका. आणि तोवर टीव्हीची वायर चालू कॉम्प्युटरला जोडू नका, ठिणगी पडून पोर्ट गेलेले मी पाहिलेत. झिणझिण्या कपॅसिटरच्या आहेत की आत खरोखर वायर उघडी पडलीय, हे हाताला कळत नाही, म्हणून अर्थिंग होईपर्यंत पत्र्याला हातच नको.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन मी करते. फाइलमध्ये कंट्रोल-एफ करून 'दुसऱ्या' शोधला की काही जागी सापडतो, काही जागी नाही. डोळ्यांसमोर दिसत असतो तरी! कीबोर्ड बदलून पाहिला. फाइल सोबत पाठवते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कीबोर्डने तुमचं काय वाकडं केलं होतं? फाइल पाहिली. तुमच्या अंकात दोन जातींचे 'दुसऱ्या' आहेत, दिसायला जुळे. एका लेखकाने ऱ्या लिहिताना युनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) स्वतंत्र ऱ अक्षर वापरलंय, क्रमांक ०९३१. दुसऱ्याने साधा र, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. दोन्हींतून तोच अर्धचंद्र उमटतो. तुम्ही आकार वाचता, कॉम्प्युटर क्रमांक वाचतो, त्याला ते वेगळे शब्द वाटतात.

यात लेखकांचा दोष नाही. ज्याचा त्याचा टायपिंगचा मार्ग वेगळा, आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात तर काहीही निघतं.

न सापडणारा एक 'ऱ्य' फाइलमधून कॉपी करून 'शोधा'च्या चौकटीत चिकटवा. 'बदला'च्या चौकटीत इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डाने शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग स्लॅश, असा ऱ्य टाका. सगळे एकदम बदला. मग हेच 'ऱ्ह'साठी करा, नाहीतर 'तऱ्हा' आणि 'कऱ्हाड' मागे राहतील. मी तुमच्या फाइलवर करून पाहिलं, एकच 'वऱ्हाडी' हट्टाला पेटला होता. त्यात लेखकाने ते न दिसणारं चिन्ह दोनदा टाकलंय. पान ४७, तिसरी ओळ.