निवेदनाची पोच घेतलीत का?

प्रिय दोस्ता,

जिंदाबाद.

तुझं पत्र मिळालं. नाशिकच्या तपोवनातली झाडं वाचवायला तुम्ही पोरं रस्त्यावर उतरलात, निवेदन दिलंत, आणि आता तू विचारतोस की यातून होतं काय. साहेब निवेदन घेतात, फोटो निघतो, पेपरात चार ओळी छापून येतात आणि फाईल जिथल्या तिथं राहते. प्रश्न रास्त आहे. भालेकर मैदानावरून निघून जिल्हाधिकारी कचेरीवर जाणाऱ्या मोर्च्यांत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सांग, निवेदनाची पोच घेतलीत का? तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आहे का? तो नसेल तर कचेरीच्या लेखी तुमचं निवेदन आलेलंच नाही. असेल तर महिन्याभरानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाक : या क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. हे काम रटाळ आहे आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. तरीही प्रत्येक आंदोलनात दोघं-तिघं तरी असं काम आवडीनं करणारे लागतात. तू त्यांतला एक व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

शहरातली झाडं तोडायची तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस काढावी लागते, ती झाडावरही लावावी लागते आणि ७ दिवसांत हरकत घेता येते. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककरांनी लेखी हरकती नोंदवल्या, म्हणून सुनावणी घ्यावी लागली आणि प्रकरण पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. त्या वेळी महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून प्रशासकच कारभार बघत होता. लोकांनी निवडून दिलेलं कुणी सभागृहात नसताना लोकांचं म्हणणं त्या फाईलमध्ये शिरलं ते त्या हरकतींच्या कागदांतून. तुझ्या पत्रात घोषणांबद्दल दोन परिच्छेद आहेत, हरकतींबद्दल एक ओळही नाही.

आता ‘मागणी मान्य झाली नाही म्हणजे आंदोलन फुकट गेलं’ या तुझ्या म्हणण्याबद्दल. पंचवटीत काळाराम मंदिरावरून रोज जातोस ना? २ मार्च १९३० ला तिथं अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व होतं आणि इथली रोजची धुरा भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाडांकडे होती. लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, वर्षं उलटली, पण दार उघडलं नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा मांडला नव्हता. आपल्या माणसांना जागं करायचा, आपल्या स्थितीची जाणीव करून द्यायचा तो मार्ग होता, आणि ते काम झालं आहे. आता ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे हेच दादासाहेब नंतर १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे पुढारी झाले. मंदिराच्या दारापासून गायरानापर्यंत गेलेली ही वाट मला आपल्या जिल्ह्याची सगळ्यात मोठी शिकवण वाटते. लढा कधी थांबवायचा, कुठे वळवायचा, हे ठरवायलाही अक्कल आणि हिंमत लागते.

२०१८ ला तू शाळेत असशील. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडची माणसं होती, बाया फार होत्या. कसारा घाट उतरून १८० किलोमीटरच्या आसपास चालत १२ मार्चला ते आझाद मैदानावर पोचले. दहावीची परीक्षा होती, पोरांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. मुंबईनं त्यांना पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या. हे सगळं तुला माहीत असेल, कारण त्याचे फोटो अजून फिरतात.

ती माणसं मुख्यतः मागत काय होती ते मात्र फोटोत दिसत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आधीच होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. आणि पुरावा काय चालतो? पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं सांगणं चालतं. जुना बांध, विहीर, स्मशान, देवाची जागाही पुराव्यात धरली जाते. सातबारा नसलेल्या आजोबांची आठवण कायद्यानं पुरावा मानली, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तरी दावे फेटाळले गेले, किंवा कसतात त्याहून कमी जमीन मंजूर झाली. लेखी आश्वासन घेऊन लोक परतले. अंमलबजावणी रखडली म्हणून २०१९ मध्ये पुन्हा निघाले, २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा निघाले आणि वासिंदला थांबले. तेच लोक, बऱ्याचशा त्याच मागण्या. तू याला अपयश म्हणशील. मला त्यात दुसरं दिसतं : ज्या पाड्यांवर वनहक्क समिती नीट बसली, मोजणी स्वतः केली, फेटाळलेल्या दाव्यावर ६० दिवसांत अपील केलं, तिथल्या माणसाला साहेबासमोर बसून बोलता येतं. हे मोर्च्यानं आणि कागदानं मिळून घडवलं.

म्हणून तुझं गाव पेठ तालुक्यात आहे याचा मला आनंद आहे. शहरात नागरिकांनी बसून ठरवायची जागा जवळजवळ नाहीच, पण तुझ्या गावाला ग्रामसभा आहे आणि पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. पेसा नसलेल्या नेहमीच्या ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग पाच-दहा जण बसून वर्षाचा आराखडा मंजूर करून टाकतात. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया लागतात. मला ही अट फार मोलाची वाटते. सगळ्याच ग्रामसभांना ती लागू असावी, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गटालाही हेच माप लाव. शिष्टमंडळात कोण जाणार हे कोण ठरवतं? दर वेळी इंग्रजी बोलणारी तीच दोघं जातात का? आत काय बोलणं झालं ते बाहेर येऊन सगळ्यांना सांगतात का? वर्गणीचा हिशेब कुणालाही बघता येतो का? चहा करणाऱ्या मुली बैठकीत बोलतात का? साहेबांकडे पारदर्शक कारभार मागायचा आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघांनीच निर्णय घ्यायचे, हे मला चालत नाही. तुलाही चालू देऊ नकोस.

१ मेच्या ग्रामसभेला गावी जा. त्याआधी महिलांची सभा झाली का ते विचार. आईला आणि शेजारच्या बायांना घेऊन जा, तुमचा ठराव लेखी ने, आणि रजिस्टरमध्ये उतरवून मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) ते मिटू देऊ नकोस. ठरावाची प्रत मिळाली की मला पाठव, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.

तुझी,
ताई