वर घर, खाली सर्व्हर : वाचकांचे नेटवर्कचे प्रश्न

प्रश्न : साखर पेठेत खाली टॉवेलचा कारखाना आणि ऑफिस, वर घर. फायबर कनेक्शन एकच. ऑफिसच्या सर्व्हरवर हिशेब आणि ऑर्डरी असतात, आणि अकाउंटंट पुण्याहून रिमोट डेस्कटॉपने त्यात येतात. मुलांचे मोबाइल, टीव्ही सगळं त्याच वायफायवर आहे. दोन जुने राउटर पडून आहेत. ते लावून घर आणि सर्व्हर वेगळे करता येतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : येतील. पण कोणता राउटर कुणाच्या मागे, हे उलटं झालं तर केलेली सगळी खटपट फुकट जाते.

राउटर वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टकडून येणारं नवं कनेक्शन अडवतो आणि लॅनकडून (आतल्या उपकरणांच्या बाजूने) निघणारं सोडतो. म्हणजे मागचा माणूस पुढच्याकडे जाऊ शकतो, पुढचा मागे येऊ शकत नाही. बहुतेक जण सर्व्हर महत्त्वाचा म्हणून त्यालाच दुसऱ्या राउटरच्या मागे ठेवतात आणि घर इंटरनेट कंपनीच्या फायबर बॉक्सवरच राहू देतात. मग मुलाच्या मोबाइलवरून सर्व्हर दिसत नाही हे खरं, पण कुणी सर्व्हर फोडला तर तिथून घरातली प्रत्येक वस्तू मोकळी, कारण त्याच्या दृष्टीने घर 'बाहेर' आहे. आणि आधी फुटायची भीती सर्व्हरचीच जास्त. इंटरनेटकडे दार त्याचं उघडं आहे.

घर मागे, सर्व्हर पुढे असं केलं तर दिशा बरोबर होते. तरी एक फट राहते : घराची सगळी ये-जा सर्व्हरच्याच नेटवर्कमधून होते. फुटलेला सर्व्हर 'गेटवे (बाहेर जायचं दार) मीच' अशी बतावणी करून ती आपल्याकडे वळवू शकतो. म्हणून तुमच्याकडे दोन राउटर आहेत ते दोन्ही वापरा. फायबर बॉक्सच्या एका लॅन पोर्टला घरच्या राउटरचं वॅन, दुसऱ्याला सर्व्हरच्या राउटरचं वॅन. बॉक्सला तिसरं काहीही जोडायचं नाही आणि त्याचं वायफाय बंद करायचं. हे बंद करायचं विसरतात, मग मुलांचे मोबाइल जुन्या पासवर्डने तिथेच चिकटून राहतात.

पत्ते वेगवेगळे ठेवा : बॉक्सकडे १९२.१६८.१.x, घराला १९२.१६८.१०.x, सर्व्हरला १९२.१६८.२०.x. जुना राउटरही आत १९२.१६८.१.x च वाटत असेल, तर दोन्ही बाजूंना एकच पत्ता होऊन इंटरनेट बंद पडतं. घरातून सर्व्हरचं फोल्डर उघडायचं असेल, तर सर्व्हरच्या राउटरवर टीसीपी ४४५ (फोल्डर शेअर करायचा पोर्ट) सर्व्हरकडे फॉरवर्ड करा आणि घरातून त्या राउटरच्या वॅन पत्त्यावर जा. फायबर बॉक्सवर मात्र ४४५ चुकूनही उघडू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पोर्टवरून. जुन्या राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कंपनीने सोडून दिलं असेल, तर तो सर्व्हरच्या बाजूला लावू नका.

अकाउंटंटसाठी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट उघडा असेल, तर नेटवर्क वेगळं करण्याआधी तो बंद करा. त्याऐवजी वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून आत येणारा कुलूपबंद बोगदा) लावा. त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो, नेहमीचा ५१८२०, आणि चावी नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. बॉक्सचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि बाहेरून व्हीपीएन तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, कायमचा पत्ता) मागून घ्या.

प्रश्न : व्हीलॅनचा (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क चालवणारा) राउटर आणि आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच आणला. घराचा व्हीलॅन १०, सर्व्हरचा २०. पण सर्व्हरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतोय. शिवाय 'सर्व्हरकडून घराकडे बंद' असा नियम असूनही सर्व्हरवरून राउटरचं लॉगिन पान उघडतं.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पहिलं दुखणं बहुधा पीव्हीआयडीचं, म्हणजे पोर्टमध्ये येणारं पाकीट कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचं त्या आकड्याचं. सर्व्हरचा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड (व्हीलॅनच्या खुणेशिवाय) केलात, पण त्या पोर्टचा पीव्हीआयडी १ च राहिला असेल. स्वस्त स्विचमध्ये ही दोन वेगळी पानं असतात. पहिलं पान स्विचमधून बाहेर जाणाऱ्या पाकिटाचं, दुसरं आत येणाऱ्याचं. सर्व्हर पत्ता मागतो, मागणी १ मध्ये जाते, तिथे पत्ता देणारं कुणीच नाही. पीव्हीआयडी २० करा, तो पोर्ट व्हीलॅन १ मधून काढा आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर १० आणि २० दोन्ही टॅग्ड आहेत ना ते पाहा. स्विचच्या सेटिंगसाठी एक पोर्ट मोकळा सोडा, नाहीतर स्वतःच बाहेर कोंडले जाल. काही स्विचमध्ये 'सेव्ह' वेगळं दाबावं लागतं; ते राहिलं तर लाइट गेली की सगळं पूर्ववत.

दुसऱ्याचं कारण वेगळं. राउटरमधून पलीकडे जाणारी वाहतूक आणि खुद्द राउटरकडे येणारी वाहतूक यांचे नियम स्वतंत्र असतात. तुम्ही पहिलीच अडवलीत. दुसरीत, २० कडून येणाऱ्याला फक्त डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधायचा) ५३ आणि डीएचसीपीचा (पत्ता वाटायचा) ६७ द्या, बाकी बंद. पलीकडे जाणाऱ्या वाहतुकीचा क्रम असा : आधी सुरू झालेल्या कनेक्शनची उत्तरं सोडा, घराकडून सर्व्हरच्या ४४५ ला परवानगी, सर्व्हरकडून १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या तिन्ही खासगी पट्ट्यांना मनाई. मगच सर्व्हरला इंटरनेट. तिन्ही पट्टे अडवायचे कारण, फक्त १९२.१६८.१० अडवलंत तर फायबर बॉक्सचं १९२.१६८.१.१ 'इंटरनेट' म्हणून सुटतं. नियम वरून खाली वाचले जातात, तेव्हा इंटरनेटची ओळ मनाईच्या वर गेली की मनाई असून नसल्यासारखी. इंटरनेट कंपनी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) देत असेल तर हेच सगळं तिथेही लिहा.

आणि सर्व्हरला 'सोयीसाठी' दुसरं लॅन कार्ड किंवा वायफाय डोंगल लावून घरात जोडू नका. एवढ्या एका डोंगलने सगळे नियम वळसा घालून पार होतात.

प्रश्न : वेगळं केल्यावर मोबाइलला प्रिंटर सापडत नाही. – अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : मोबाइल प्रिंटरला हाक मारून शोधतो, ती हाक त्याच नेटवर्कपुरती असते. प्रिंटरला कायमचा पत्ता देऊन मोबाइलमध्ये तोच टाका; जमत नसेल तर राउटरवर एमडीएनएस रिपीटर (ही हाक पलीकडे पोहोचवणारी सोय) चालू करा. सोपं म्हणजे, जास्त प्रिंट जिथून काढता त्याच बाजूला प्रिंटर ठेवा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर मात्र दोन्हींत नको, त्याला तिसरं नेटवर्क.

प्रश्न : वेगळं झालंय हे ओळखायचं कसं? – होटगी रोड

उत्तर : सर्व्हरची केबल काढून लॅपटॉपला लावा आणि घरातल्या प्रिंटरला किंवा टीव्हीला पिंग करा ('आहेस का' अशी हाक मारा). विंडोजच्या संगणकाला नको, त्याचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला तसाही उत्तर देत नाही आणि नियम चालतोय असा उगाच भास होतो. तोच प्रिंटर घरच्या नेटवर्कमधून उत्तर देतो हे आधी पाहून ठेवा. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१ आणि १९२.१६८.१.१ टाकून बघा. व्हीलॅनच्या मांडणीत तिन्ही उघडता कामा नयेत; दोन राउटरांच्या मांडणीत निदान पहिलं. शेवटी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून तुमच्या बाहेरच्या पत्त्याच्या ३३८९ वर रिमोट डेस्कटॉप जोडून पाहा. लॉगिनची चौकट आली, तर कुठेतरी जुनं फॉरवर्डिंग शिल्लक आहे.