‘वनस्पतिजन्य’ कण म्हणजे कशाचे कण?

प्रश्न कोल्हापूरहून आलाय. विचारणाऱ्यांच्या भाचीने कॉलेजच्या प्रकल्पाला मथळा दिलाय : ‘वनस्पतीजन्य नॅनोकणांद्वारे भूजलातील जड धातूंचे शोषण’. ‘वनस्पती’ ऱ्हस्व की दीर्घ, आणि ‘जन्य’ इथे चालतो का, असं मामांनी विचारलंय.

ऱ्हस्व-दीर्घाचं लगेच सांगतो. सुटा शब्द ‘वनस्पती’, समासात ‘वनस्पतिजन्य’. कवी, पण कविसंमेलन, तसंच.

‘जन्य’ मात्र मलाही खटकतो. जन्य म्हणजे त्यापासून उपजलेलं. मग वनस्पतिजन्य कण म्हटल्यावर डोळ्यांपुढे पाल्याचा भुगाच येणार. प्रत्यक्षात या कामातले कण बहुतेकदा लोखंडाचे. चहाच्या नाहीतर निलगिरीच्या पानांचा अर्क लोहक्षाराच्या द्रावणात घातला की द्रावण बघता बघता काळं पडतं. पानांतली पॉलिफेनॉलं (तुरट चवीची द्रव्यं) लोहाचं क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि तीच कणांभोवती बसून त्यांचे गोळे होऊ देत नाहीत. पायताणाचं चामडं ज्या हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावतात, त्यातलं टॅनिन याच कुळातलं. हिरड्याच्या काढ्यात हिराकस (हाही लोहक्षारच) घालून पूर्वी शाई करत, तीही काळीच. (म्हणून नुसत्या काळ्या रंगावर भुलू नये. पुष्कळदा हाती लागतं ते शुद्ध लोखंड नसून लोह आणि पॉलिफेनॉल यांचं संयुग असतं, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे.) थोडक्यात, धातू क्षारातून आला, झाडाने फक्त घडवला. ‘वनस्पतीच्या अर्काने घडवलेले लोहाचे नॅनोकण’ म्हणावं. ‘अब्जांश कण’ही चालेल, मला तो आवडतो; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भागच, आणि हे कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे.

विचारलं नाही, पण ‘शोषण’ही बदला. स्पंज पाणी आत ओढतो, ते शोषण. आर्सेनिक कणाच्या पृष्ठभागावर चिकटतं, ते अधिशोषण. क्रोमियमची तर गोष्टच निराळी. मुलाम्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणारं विषारी षट्संयुजी (संयुजा सहा असलेलं) क्रोमियम लोहाच्या संपर्कात कमी विषारी त्रिसंयुजी होतं आणि बरंचसं हायड्रॉक्साइडच्या साक्याने खाली बसतं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाने एकूण क्रोमियमला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमचीच मुभा आहे, तेव्हा नुसतं रूप बदलून भागत नाही, ते खाली बसायलाही हवं.

प्रकल्पात दोन्ही धातू असतील तर सरळ ‘भूजलातील जड धातू कमी करणे’ लिहावं. आर्सेनिक काटेकोरपणे धातुसदृश, पण ‘जड धातूं’त ते सगळेच धरतात, तिथे भाचीला अडवू नका.