मतदान यंत्रावर नाव वर असलं की जास्त मतं पडतात का?

पडतात. पण तुमच्या पॅनलच्या सरपंचाचं नाव चौथं आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. सरपंच कोण हवा ते लोक घरूनच ठरवून येतात. फटका बसतो तो सदस्याच्या शेवटच्या जागेला.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. वार्डात सदस्याच्या तीन जागा, 'अ', 'ब' आणि 'क', म्हणजे सरपंचाचं धरून प्रत्येकाला चार बटनं दाबायची. आई शेवटच्या 'क' जागेवर उभी होती. नावं वर्णानुक्रमानं लागली, तिचं सगळ्यांत खाली आलं, त्याखाली फक्त नोटा. 'अ' आणि 'ब'ला लोक भावकी, सोयरीक बघून बटन दाबतात. 'क'पर्यंत येईस्तोवर जीव कंटाळतो, आणि सगळी मतं दिल्याशिवाय मशीन वाजत नाही. शेजारची आजी संध्याकाळी आईला अगदी निर्मळ मनानं म्हणाली, "माय, तीन बटनं दाबले तरी वाजेच ना. मंग वरचंच दाबून देल्लं, तवा वाजलं." याच आजीच्या निराधारच्या पगारासाठी आई तहसीलच्या चकरा मारायची. आई ११ मतांनी पडली. निवडून आलेल्याचं नाव पहिलं होतं.

काकांनी त्याच रात्री ओट्यावर निकाल लावला, "बाईमाणसाले लोकायनं नाकारलं." अजूनही लग्नाकार्यात हेच ऐकवतात.

ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आहे. १९३७ मध्ये तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यातून लेबर पक्षाचे चौघं सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, गेले: अमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर, ॲशली. चौघांचीही आडनावं 'ए'पासून, आणि मतपत्रिकेवर उमेदवारांच्या गटांचा क्रम तेव्हा आडनावाच्या अक्षरावर लागायचा. १९४० मध्ये तिथं चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायला लागले. तिथल्याच टास्मानिया राज्यात तर १९८० पासून मतपत्रिकेगणिक नावांचा क्रम फिरवतात. सक्तीनं दाबायला लावलं की माणूस वरचं दाबतो, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडेही क्रम फिरवायलाच पाहिजे.

तुम्ही नमुना मतपत्रिका घेऊन दारोदार जा आणि 'क' जागा आधी दाखवा.

अर्थात शंभर मतांनी पडणारा पहिल्या क्रमांकावर आला तरी पडतोच. आणि ग्रामसभेत नावं वाचून दाखवली तर उलटं होतं, शेवटी ऐकलेलं नाव ध्यानात राहतं.

तुमच्या पॅनलमधली एखादी बाई पडलीच, तर तिला नावं ठेवण्याआधी तिची जागा कोणती अन् क्रमांक कितवा ते बघा. काकांना मी हेच विचारतो, की लोकांनी आईला नाकारलं म्हणता, मग आमच्या गल्लीत एकदाही न फिरकलेल्या माणसाला त्यांनी काय बघून निवडलं?