एचडी ६५० वर भरदार वाजणारा ट्यूब ॲम्प सुस्वरावर फिका का पडतो? पॅड बदलून बेस परत येईल का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: सेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन तुमच्या ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) ट्यूब ॲम्पवर छान भरदार वाजतो, पण त्याच ॲम्पवर हायफायमॅनचा सुस्वरा हा हेडफोन लावला की आवाज पातळ होतो आणि बेस, म्हणजे खालचा जड आवाज, निसटतो. जाड लेदरचे पॅड (कानाभोवती बसणाऱ्या गाद्या) घेऊन बेस परत येईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या पॅडने नाही येणार. पॅडवर खर्च करण्याआधी ॲम्पकडे बघा.

हिशेब करून बघू. गाण्यातल्या अचानक उसळणाऱ्या ठोक्यांसाठी ११० डेसिबलपर्यंत जाण्याची ताकद हाताशी असावी. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल देतो आणि त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) ३०० ओहम आहे. म्हणजे ११० डेसिबलला साधारण २.२ व्होल्ट आणि साडेसात मिलिॲम्पिअर पुरतात. सुस्वरा १ मिलिवॅटला फक्त ८३ डेसिबल देतो, इम्पीडन्स ६० ओहम. तिथून २७ डेसिबल वर जायला ५०० पट पॉवर लागते, म्हणजे अर्धा वॅट: साडेपाच व्होल्ट आणि ९१ मिलिॲम्पिअर. व्होल्टेज अडीचपट लागतं, करंट मात्र बारापट. ओटीएलमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, ट्यूब थेट हेडफोनला चालवते, आणि एवढा करंट द्यायला तिला जमत नाही. आवाज वाढवला की ठोके दबतात, विकृती वाढते आणि सगळ्यात आधी बेसचा जोर जातो.

त्यात आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या विरोधाची, भर पडते. ओटीएलचा तो १०० ओहम आहे असं धरा. एचडी ६५० चा इम्पीडन्स ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमच्या घरात चढतो, त्यामुळे तिथे त्याला बाकी पट्टीपेक्षा सुमारे ०.९ डेसिबल जास्त मिळतात. तुम्हाला आवडणाऱ्या भरदारपणात याचा वाटा आहे. सुस्वरा प्लॅनर (सपाट पातळ पडद्याने आवाज काढणारा) असल्यामुळे त्याचा इम्पीडन्स सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे त्याला हा फुगवटा मिळत नाही, उलट साडेआठ डेसिबल ॲम्पच्या आतच खर्ची पडतात. शिवाय आउटपुटला कपॅसिटर असतो, जो अगदी खालचे सूर अडवतो. तो ४७ मायक्रोफॅरडचा असेल तर एचडी ६५० वर बेस ३ डेसिबलने उतरतो तो साडेआठ हर्ट्झला, सुस्वरावर २१ हर्ट्झला. कपॅसिटर याहून लहान असेल तर हा उतार आणखी वर सरकतो.

तुमच्या ॲम्पचा खरा आकडा घरी मोजता येतो. ५० हर्ट्झची साइन वेव्ह (शुद्ध एकसुरी टोन) कमी आवाजात सोडा आणि आउटपुटला काहीही न जोडता मल्टिमीटरवर एसी व्होल्टेज घ्या. मग ३०० ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, १ वजा करा आणि ३०० ने गुणा. १ व्होल्टचा ०.७५ झाला तर आउटपुट इम्पीडन्स १०० ओहम.

सुस्वरासाठी सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा) ॲम्प घ्या. ६० ओहमवर निदान १ वॅट आणि आउटपुट इम्पीडन्स २ ओहमच्या आत, एवढं बघा. डब्यावर फक्त ३२ ओहमचा आकडा असेल तर फसगत होते: ३२ ओहमवर १ वॅट देणारं व्होल्टेज ६० ओहमवर जेमतेम ०.५३ वॅट देतं. बॅलन्स्ड आउटपुटमधून (डाव्या-उजव्या चॅनेलच्या निगेटिव्ह तारा वेगळ्या असलेल्या) व्होल्टेज दुप्पट मिळू शकतं, पण बॅलन्स्डमधून साध्या ६.३ मिमी जॅकवर नेणारा ॲडॅप्टर कधीच वापरू नका. त्यात दोन्ही चॅनेलच्या निगेटिव्ह तारा एकत्र येतात आणि ॲम्प जळू शकतो. स्पीकर ॲम्पवर सुस्वरा चालवणारेही बरेच आहेत, पण ८ ओहमवर १०० वॅटचा ॲम्प ६० ओहमवर १३ वॅट ओततो. नॉब चुकून फिरला तर ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) आणि कान दोन्ही जातील. जोडण्याआधी आवाज शून्यावर ठेवून आउटपुटचा डीसी मोजा, २० मिलिव्होल्टच्या वर असेल तर जोडू नका.

एचडी ६५० मात्र ओटीएलवरच राहू द्या. माझ्या मते ती जोडी मोडण्यात काहीच अर्थ नाही.

आता पॅड. पॅडमुळे कान आणि ड्रायव्हरमधलं अंतर, आतल्या हवेचा आकार आणि कडेची सील (पॅड डोक्याला किती घट्ट बसतो ते) बदलते. प्लॅनरचा खोल बेस सीलवर फार अवलंबून असतो. ४० हर्ट्झचा टोन लावा आणि दोन्ही कप हलकेच डोक्याकडे दाबा. बेस लगेच वाढला तर सील गळतेय. बहुतेक वेळा चष्म्याची काडी किंवा बसलेला फोम हे कारण असतं. असं असेल तरच नवे पॅड कामाचे. अखंड लेदरने सील घट्ट होते, पण आत परावर्तन वाढून ट्रेबल (वरचे तीक्ष्ण सूर) टोचू शकतो. वेलूर (मखमलीसारखं कापड) ट्रेबल मऊ करतं, थोडा बेस गळू देतं. दोन्हींचा मेळ हवा असेल तर कानाकडे कापड आणि बाहेरून लेदर असलेले हायब्रिड पॅड बघा. एचडी ६५० चे पॅड चेपले की ड्रायव्हर कानाला टेकायला येतो आणि वरचा मिड (मधल्या सुरांचा वरचा भाग) पुढे येतो; तिथे मूळ पॅडच पुन्हा आणा, प्रयोग नको.

काढताना पॅडची कड एका बाजूने धरून रिंगसकट सरळ ओढा. अंगठा मधल्या जाळीवर टेकवू नका, पडदा फार नाजूक असतो. तिरक्या पॅडची जाड बाजू कानाच्या मागे येते. बसवताना रिंगभर दाबत जा; एक जरी हुक सुटला तरी त्या कपचा बेस कमी होईल आणि गाणं एका बाजूला झुकल्यासारखं वाटेल.

ॲम्प आणि पॅड एकाच दिवशी बदलू नका. नवीन ॲम्पवर जुन्याच पॅडने आठवडाभर ऐका, ४० हर्ट्झची चाचणी पुन्हा करा, आणि सील तेव्हाही गळत असेल तर पॅड मागवा.