दोन वर्षं झाली तरी भूपच चाललाय, मुलीचा गाण्याचा क्लास बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, टीव्हीवरच्या स्पर्धेतली गाणी ऐकून हुबेहूब म्हणते. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा क्लासला जाते, पण तिथे अजून अलंकार (सरावासाठीचे स्वरसमूह) आणि भूप हा एकच राग चालू आहे. प्रगती थांबली आहे का, आणि क्लास बदलावा का?

भूप चालू आहे एवढ्यासाठी बदलू नका. बदलायची दुसरी कारणं असू शकतात, ती पुढे सांगतो. मी सांगली-मिरज भागातल्या एका संगीत विद्यालयात मुलांना गाणं शिकवतो. हा प्रश्न दर निकालानंतर कुणी ना कुणी पालक मला चपला घालता घालता विचारतातच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी भूपाचं बोलू. सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध, मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. ऐकायला सोपा. पण लहान मूल भूप गायला लागलं की पंचमावरून (प) गंधारावर (ग) उतरताना हळूच मध्यमाला शिवून येतं, आणि वरच्या सावरून धैवतावर (ध) येताना निषाद चाटून जातो. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो. एक दिवस ते गाता गाता थांबतं आणि विचारतं, "सर, आत्ता म लागला का?" माझ्या लेखी पहिल्या दोन वर्षांतली सगळ्यात मोठी मजल ती. पण वहीत तिची नोंद होत नाही. वहीत गेल्या वर्षीचीच तीनतालातली बंदिश असते, आणि पालक वही बघतात.

पुढे कधीतरी हेच पाच स्वर घेऊन देसकार हा दुसरा राग येतो. भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला. ज्याचा कान भूपावर तयार झालाय त्याला हा फरक दोन-चार वेळा ऐकून कळतो. ज्याने भूप आठ दिवसांत उरकला ते मूल 'वादी (मुख्य स्वर) धैवत, संवादी (त्याखालोखालचा) गंधार' पाठ करतं, तोंडी परीक्षेत बिनचूक सांगतं आणि गायला लागलं की पुन्हा भूपच गातं.

आता टीव्हीवरच्या गाण्यांचं. हुबेहूब म्हणता येणं ही चांगलीच गोष्ट आहे, तिला नावं ठेवणारे शिक्षक मला आवडत नाहीत. मात्र त्यात ती किती जाणून गातेय हे घरीच तपासता येतं. ट्रॅक बंद करा, मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावा आणि तेच गाणं नेहमीपेक्षा एक सूर खालच्या पट्टीत, म्हणजे सा तेवढा खाली धरून, म्हणायला सांगा. पहिल्या ओळीतच कळेल. किंवा भूपाचा आरोह म्हणताना गंधारावर पूर्ण श्वासभर थांबायला सांगा. स्वर हलला आणि तो हललाय हे तिला कळलं, तर क्लास आपलं काम करतोय. स्वर हलला आणि ती तुमच्याकडे बघून हसतेय, तर अजून भूप हवाय.

याचं फार मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा मुलगा लहानपणी रेकॉर्ड ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं उतरवायचा. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला त्याच वयात मिळालं, जलसे होत होते, टाळ्या पडत होत्या. तरीही साधारण तुमच्या मुलीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असताना त्याला मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या गाण्याच्या शाळेत शिकायला ठेवलं गेलं. दुसऱ्याचं गाणं गळ्यात इतकं चपखल बसलेल्या मुलालाही ते गाणं आतून कसं बांधलंय ते शिकावं लागलं, आणि ते शिकला म्हणून पुढे त्याला स्वतःचं गाता आलं. तुमची मुलगी कुमार होईल असं मी म्हणत नाही. नक्कल आणि शिक्षण यांचं भांडण नाही, पण पहिल्यामुळे दुसरं आपोआप होत नाही, एवढंच.

क्लासमध्ये नेमकं काय चालतं हे पालकांना बहुतेक माहीत नसतं, कारण ते बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत असतात. (आत बसूनही मोबाइलच बघतात, तेव्हा बाहेर बरे.) एका तासाला दहा-बारा मुलं, एक पेटी, एक तबला, कधीकधी तोही नाही. सगळ्यात मोठी अडचण असते पट्टीची. लहान मुलांचे आवाज कुणाचे काळी तीनमध्ये (पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून) मोकळे होतात, कुणाचे काळी पाचमध्ये. सगळ्यांना एकत्र गाववायचं तर सोयीसाठी काळी चार धरली जाते. मग ज्याला ती उंच पडते ते मूल तार सप्तकात ओरडतं आणि जिला ती खाली पडते ती मंद्रात नुसते ओठ हलवते. चांगला शिक्षक तासातला काही वेळ तरी एकेकाला त्याच्या पट्टीत गायला लावतो. तुम्ही पुढच्या वेळी मुलीला एवढंच विचारा: "तुझी पट्टी कुठली?" दोन वर्षांनंतर तिला उत्तर देता आलं नाही, तर ती चिंतेची गोष्ट आहे. भूप नाही.

दुसरी गोष्ट पेटीची. बऱ्याच क्लासमध्ये शिक्षक मुलांच्या गाण्यातला प्रत्येक स्वर पेटीवर सोबत वाजवत राहतात. ऐकणाऱ्याला सगळं सुरेल वाटतं. पण मूल भिंत धरून चालत असतं, आणि भिंत संपली की बसतं. भाता चालू, नुसता सा दाबलेला आणि बाकी एकही स्वर वाजत नाही, अशा अवस्थेत मूल गातंय का हे बघा. कणसूर, म्हणजे किंचित चुकलेला स्वर, तेव्हाच ऐकू येतो, मुलालाही आणि शिक्षकालाही. त्यातून पेटीचे स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. तिचा गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. नवव्या वर्षी हे शास्त्र सांगायची गरज नाही, पण कानावर तानपुरा पडायलाच हवा.

मुलग्यांच्या पालकांसाठी थोडं विषयांतर करतो, कारण क्लासची खरी परीक्षा तिथे होते. बारा-चौदाच्या आसपास आवाज फुटतो. आमच्याकडे एक मुलगा होता, स्पर्धांतून बक्षिसं आणणारा, काळी पाचमध्ये खणखणीत. सहा महिन्यांत आवाज पार घसरला, मधेच चिरकायचा, बाकीची पोरं हसायची, आणि घरचे म्हणाले आता बंद करू. आमच्या ज्येष्ठ ताईंनी त्याला वर्गातच ठेवलं, मात्र स्पर्धा बंद केल्या, तार सप्तक बंद केलं आणि रोज थोडा वेळ त्याला झेपेल तेवढ्या खालच्या स्वरांत फक्त आकार, म्हणजे 'आ' म्हणत स्वर, लावायला लावला. उरलेला वेळ तो तानपुरा छेडायचा, लहान मुलांना ताल धरून द्यायचा, टाळी-खाली (तालात टाळी कुठे द्यायची आणि कुठे नाही ते) म्हणून घ्यायचा. आवाज स्थिरावला तेव्हा पट्टी काळी एकवर आलेली होती. ज्या क्लासमध्ये अशा मुलाला काही जागा असते तो क्लास चांगला, असं माझं मत आहे. बहुतेक ठिकाणी अशी मुलं नुसती यायची बंद होतात आणि कुणी विचारतही नाही.

काही जण म्हणतील की क्लासमध्ये गाणं येतच नाही, गुरूकडेच राहायला हवं. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः इथे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीने शिकले आणि त्यांनीच १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं: फी, इयत्ता, स्वरलिपीची पुस्तकं, ठरलेली वेळ. गुरूच्या घरी पाणी भरण्याची सोय किंवा तयारी ज्यांची नव्हती, अशांना त्यामुळे गाण्याचं दार उघडलं, घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींनाही. पण त्याच संस्थेत त्यांनी उपदेशक वर्गही चालवला. त्यातली मुलं त्यांच्याजवळ वर्षानुवर्षं राहून शिकत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही नावं त्यांच्या हाताखाली अशीच तयार झाली. म्हणजे सगळ्यांसाठीचा वर्ग आणि थोड्यांसाठीची तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्लास सुरू करणाऱ्यालाच पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातून दोन तास पाठवून तालमीची अपेक्षा ठेवली की शिक्षक आळशी वाटायला लागतो. मुलीची ओढ तेराव्या-चौदाव्या वर्षीही टिकली, तर तेव्हा तालमीचा विचार करा. आत्ता दोन तास पुरे आहेत, रोज घरी वीस मिनिटं बसत असेल तर.

परीक्षांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या आहेत, आणि प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, म्हणून सातवी-आठवीत अचानक गाण्याची आवड निर्माण झालेली मुलंही आम्ही दरवर्षी बघतो. मी परीक्षांच्या विरोधात नाही. परक्या परीक्षकासमोर बसून, तबल्यावर सम (तालाची पहिली मात्रा) गाठून गायचं म्हटलं की मुलं नीट रियाज करतात, हे खरंच. वाईट होतं ते घाईमुळे. एका वर्षात दोन परीक्षा 'काढून घेणारे' क्लास आहेत. तिथे वर्षभर ठरावीक बंदिशी, ठरावीक चार आलाप आणि ठरावीक पाच ताना घोटल्या जातात, आणि मध्यमा झालेल्या मुलीला भूपातला एखादा आलाप स्वतःचा करायला सांगितला तर ती वही शोधते. तुमच्या शिक्षकांनी दोन वर्षांत घाईने फॉर्म भरला नसेल, तर मी तरी त्यांच्या बाजूने एक गुण देईन.

क्लास कधी बदलावा? महिनोन्महिने तुमच्या मुलीला एकटीला गायला लावलेलंच नसेल तेव्हा. ती गात असताना शिक्षक फोनवर असतील तेव्हा. चुकल्यावर चारचौघांत नक्कल करून हसं केलं जात असेल तेव्हा तर लगेच. गाणं उघड्या गळ्याचं काम आहे, लाजलेलं मूल गळा आवळून गातं आणि ती सवय जाता जात नाही. घसा दुखतो असं ती दोन-तीनदा म्हणाली आणि पट्टी बदललीच नाही, तरीही बदला. आणि अलंकार दोन वर्षं अगदी त्याच लयीत, त्याच क्रमाने चालले असतील, म्हणजे दुगुण (दुप्पट लय) नाही, आकार नाही, 'सारेग रेगप गपध' असा भूपाच्याच स्वरांत घेतलेला पलटा नाही, तर शिक्षकांना जाऊन विचारा. तक्रारीच्या सुरात नको. "घरी हिच्याकडून काय करून घेऊ?" असं विचारा. ज्यांचं लक्ष असतं ते लगेच नेमकं सांगतात: हिचा रे उतरतो, हिचा श्वास समेच्या आधी संपतो, हिला खालीची जागा सापडत नाही. 'छान चाललंय, आवाज गोड आहे' एवढंच उत्तर आलं, तर त्यांनी तिला नीट ऐकलेलं नाही असं खुशाल समजा.

आणि पेटी घ्यावी का? आत्ता नको. चांगल्या पेटीला बरेच पैसे पडतात, स्वस्तातली काही महिन्यांत बेसूर होते आणि मुलीचा कान तिच्याशी जुळायला लागतो. तानपुऱ्याचं अॅप आणि बरा स्पीकर एवढं पुरतं, फक्त पट्टी तिच्या गळ्याची लावा, अॅप उघडल्यावर जी आपोआप येते ती नको. ती टिकली तर दोन-चार वर्षांनी खरा तानपुरा घ्या. मिरजेला या. इथे तानपुरे बनवणारी घराणी पिढ्यानपिढ्या एकाच गल्लीत आहेत. मुलीला सोबत आणा, तिच्या पट्टीत तारा लावून द्यायला सांगा आणि जवारी (तारांचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून जुळवण्याचं काम) तिच्यासमोर काढून घ्या.