मे महिन्यातील दक्षिण आकाश

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडे मुंबईहून देवगडजवळच्या आमच्या गावी येतात. त्यांना दक्षिणेकडचे तारे दाखवण्याची इच्छा आहे. आमच्याकडे दुर्बीण नाही. काय, केव्हा आणि कोठून पाहावे?
– एक वाचिका, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपण महिना अगदी योग्य निवडला आहे. देवगड मुंबईपेक्षा सुमारे पावणेतीन अंशांनी दक्षिणेला असल्यामुळे दक्षिणेचे तारे आपल्याकडे तेवढेच अधिक उंच दिसतात, आणि मुळातच क्षितिजालगत राहणाऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा असतो. दुर्बिणीवाचून काही अडणार नाही. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. किनाऱ्यावरून मोकळे दिसते ते पश्चिमेचे क्षितिज, दक्षिणेला बहुधा माडांची रांग किंवा डोंगराचे टोक आड येते. त्यापेक्षा गावाजवळचा एखादा कातळसडा, म्हणजे खडकाळ मोकळे पठार, उत्तम. तेथे पायांत बूट आणि हातात विजेरी असल्याखेरीज मुलांना नेऊ नये.

मुख्य आकर्षण अर्थातच त्रिशंकू. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या राष्ट्रध्वजांवर असलेला हा छोटा, ठसठशीत, क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह मेच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला उभा असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर असतो आणि वरचा सुमारे १७ अंशांवर. वरचा तारा तांबूस आणि खालचा निळसर पांढरा आहे, हे मुलांना न सांगता त्यांनाच ओळखू द्यावे. नैर्ऋत्येला याच आकाराची, पण मोठी आणि मंद चौकट दिसते, तिला त्रिशंकू समजण्याची चूक पुष्कळांकडून होते. खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे मित्रक आणि मित्र हे दोन ठळक तारे असतात, ही खूण लक्षात ठेवावी.

या दोघांतील अधिक तेजस्वी तो मित्र. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा हाच, तरीही त्याचा प्रकाश येथवर पोहोचायला सुमारे ४.४ वर्षे लागतात. आठ वर्षांच्या नातवाला आज दिसणारा प्रकाश तो चार वर्षांचाही नव्हता तेव्हा निघालेला आहे, असे सांगितले की अंतराची कल्पना मुलांना चटकन येते. शेजारचा मित्रक मात्र जवळजवळ चारशे प्रकाशवर्षे दूर आहे.

साडेदहाच्या सुमारास कन्या राशीतील ठळक तारा चित्रा दक्षिणेला आली की तिच्यापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजाव्यात. तेथे एक पुसट, धूसर ठिपका दिसेल. तो एकटा तारा नसून नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, आणि आपल्या आकाशगंगेतील अशा गुच्छांत तो सर्वांत मोठा आहे. माझ्या मते संपूर्ण दक्षिण आकाशात याच्या तोडीचे दृश्य नाही. कोणाकडून द्विनेत्री (बायनॉक्युलर) मिळाल्यास ती याच्यासाठीच वापरावी.

अगस्त्य हा ठळक तारा पाहायचा असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच, अंधार पडताच नैर्ऋत्येला खाली शोधावा. पुढे तो संधिप्रकाशात हरवतो. मुले जागी राहिली तर साडेदहानंतर आग्नेयेला लालसर ज्येष्ठा ताऱ्यासह अख्खा वृश्चिक तारकासमूह वर आलेला असतो.

या सर्व वेळा १५ मेच्या आसपासच्या आहेत. दररोज तारे चार मिनिटे लवकर येतात, म्हणजे १ मे रोजी त्रिशंकूसाठी साडेदहापर्यंत थांबावे लागेल. अमावस्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस धरावेत, आणि शक्यतो महिन्याचा पूर्वार्ध. कारण अखेरीस वळिवाचे ढग नेमके क्षितिजाजवळच दाटतात.